बदलीच्या गावी झाड लावताना

बँकेची नोकरी ही बदलीची नोकरी. दर तीन-चार वर्षांनी नवे गाव, नवी शाखा, नवे ग्राहक आणि मुलांसाठी नवी शाळा हा क्रम आपल्यापैकी अनेकांच्या अंगवळणी पडलेला असतो. बदलीच्या गावी माणूस घर मांडतो ते सामानाची खोकी माळ्यावर जपून ठेवूनच. अशा गावाशी आपले नाते काय, तेथील मातीचे आपण काही देणे लागतो काय, हे प्रश्न सहसा आपल्या मनात उद्भवत नाहीत. माझ्या मनात ते उद्भवले ते दिल्लीत, आणि त्यास निमित्त झाले काही झाडांचे.

पत्नी केंद्र सरकारच्या सेवेत असल्याने आम्हांस नवी दिल्लीतील रामकृष्णपुरम येथे सरकारी निवासस्थान मिळाले होते. दिल्लीकर या वसाहतीस आर. के. पुरम या नावानेच ओळखतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वसविलेली, सेक्टरांत विभागलेली ही वसाहत म्हणजे बदलीवर आलेल्या माणसांचे गावच. एका जिन्यावर तमिळ, बंगाली, गढवाली आणि मराठी कुटुंबे शेजारी शेजारी राहावीत, सणावारी एकमेकांकडे फराळाची ताटे जावीत, आणि कोणाचा तरी निरोपसमारंभ दर महिन्याला ठरलेला असावा, असे तेथील जीवन. सातव्या सेक्टरमध्ये स्वामिनाथस्वामींचे देऊळ आहे. त्यास सारे 'मलई मंदिर' म्हणतात. तमिळ भाषेत 'मलै' म्हणजे डोंगर. देऊळ खरोखरच एका लहानशा टेकडीवर आहे, आणि ही टेकडी साधीसुधी नव्हे. गुजरातपासून सुमारे सातशे किलोमीटर धावत आलेली अरवली पर्वतरांग दिल्लीत येऊन मातीआड होते. तिच्या या शेवटच्या खडकाळ टोकांना दिल्लीत 'रिज' म्हणतात. जगातील अतिप्राचीन पर्वतांपैकी एकाच्या पायथ्याशी आपण भाजी आणावयास जातो, याची जाणीव मला दिल्लीत वर्षभर राहिल्यानंतर झाली.

रिजचे महत्त्व केवळ दृश्यसौंदर्यापुरते नाही. राजस्थानकडून येणारी धूळ अडविणे, भेगाळ खडकातून पावसाचे पाणी भूगर्भात पोहोचविणे आणि तापलेल्या शहराला थोडा गारवा देणे ही कामे ती शतकानुशतके करीत आली आहे. म्हणूनच १९९४ साली तिचा सुमारे ७,७०० हेक्टर प्रदेश राखीव वन म्हणून अधिसूचित करण्यात आला. परंतु कागदावर वन राखले म्हणजे जमिनीवर ते जसेच्या तसे राहिले असे होत नाही. रिजवर आज जे हिरवे दिसते त्यातील फार मोठा भाग त्या भूमीचा मुळी नाहीच.

त्वरित परताव्याचे झाड

दिल्लीच्या टेकड्यांवर सर्वत्र आढळणारे काटेरी, पसरट, बाराही महिने हिरवे असणारे झाड म्हणजे विलायती कीकर. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्याच्या माळरानांवर याच झाडाला 'वेडी बाभूळ' म्हणतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते भारतात आणले गेले. पुढे नवी राजधानी वसविली जात असताना उघडीबोडकी रिज लवकरात लवकर हिरवी दिसावी म्हणून तेथेही त्याची लागवड झाली. झाडाने दिलेला शब्द पाळला. ज्या खडकावर इतर रोपे तग धरीत नव्हती, तेथे ते झपाट्याने वाढले. गोड शेंगा जनावरांनी खाल्ल्या आणि बिया दूरवर नेल्या. तोडले तरी बुंध्यापासून पुन्हा फुटणारे, मुळे खोलवर नेणारे आणि स्वतःखाली इतर रोपांना सहसा डोके वर काढू न देणारे हे झाड काही दशकांत टेकडीचे मालक होऊन बसले.

त्या काळी हे झाड लावणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्यांचा हेतू चांगला होता. या झाडाने धूप थांबविली, गरिबांच्या चुलीला सरपण दिले, आणि आजही अनेक पक्षी त्याच्या आश्रयाने राहतात हे मान्य केलेच पाहिजे. चूक झाली ती निराळ्या ठिकाणी. त्वरित मिळणाऱ्या परताव्यावरच दृष्टी खिळली आणि मूळ भांडवल कोणते, ते किती उरले आहे, याकडे पाहावयाचे राहून गेले. आपल्या व्यवसायात अशा चुकीची किंमत काय असते, हे बँकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

हे मूळ भांडवल म्हणजे काय? अरवलीच्या खडकावर हजारो वर्षांत जमून आलेला झाडाझुडपांचा, गवतांचा, कीटकांचा आणि पाखरांचा परस्परांशी जडलेला प्रपंच. करीलच्या पर्णहीन वाटणाऱ्या झुडपावर पायोनियर जातीचे पांढरे फुलपाखरू अंडी घालते. पळसाच्या फांद्यांवर लाखेचा कीटक वाढतो, आणि त्याच पळसाची केशरी फुले रिकाम्या उन्हाळ्यात सूर्यपक्ष्यांना मध पुरवितात. अशी प्रत्येक देशी झाडाची स्वतःची खातेदार मंडळी असतात. झाड गेले की ती खातीही बंद होतात, आणि केवळ हिरवा रंग परत आणल्याने ती पुन्हा उघडत नाहीत.

ओळखीची नावे, अनोळखी मुलूख

आर. के. पुरमपासून वसंत विहारच्या बाजूला गेले की अरवली जैवविविधता उद्यान लागते. मार्च महिन्यातील एका रविवारी मी तेथे प्रथम गेलो, तेव्हा मातीच्या वाटेवर फुललेल्या पळसापाशी थबकलो. तेथे काम करणाऱ्या एका गृहस्थांस मी झाडाचे नाव विचारले. ते म्हणाले, "यह ढाक है, बाबूजी." मी म्हणालो, "आमच्याकडे याला पळस म्हणतात." मग आम्ही दोघांनी मिळून उद्यानातील झाडांची जणू ओळखपरेडच घेतली. त्यांचा रोंझ तो आमचा हिवर. त्यांचा हिंगोट तो आमचा हिंगण. सलई म्हणजे सालई, कुल्लू म्हणजे पांढऱ्या सालीचा कांडोळ, करील म्हणजे नेपती. खैर दोन्हीकडे खैरच. त्यांचा धौ हा आपल्या धावड्याचा सख्खा चुलतभाऊ. आणि ज्याला ते जांड किंवा खेजडी म्हणत होते, ती तर दसऱ्याला आपण पुजतो ती शमी!

त्या दिवसापर्यंत दिल्ली मला परकी वाटत होती. दसऱ्याला शमीची पाने मिळत नाहीत म्हणून आमच्या घरी दरवर्षी हळहळ व्यक्त होत असे. आणि येथे शमी तर या मातीचीच लेक निघाली. ती दिसत नव्हती, कारण तिची जागा दुसऱ्या कोणी घेतली होती आणि तिचे नाव विचारणारे कोणी उरले नव्हते. देशी झाडे परत आणण्याचे काम कोठून सुरू करावे असे कोणी विचारल्यास माझे उत्तर असे की, कुदळीपासून नव्हे तर नावांपासून. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याचे खाते उघडता येत नाही, आणि ते बंद झाल्याचेही आपल्या लक्षात येत नाही.

शेजारचे दोन प्रयोग

वसंत विहारचे हे उद्यान सुमारे ६९० एकरांवर पसरलेले आहे. पूर्वी या जागेवर खाणी होत्या. खाणी बंद झाल्या तेव्हा मागे उरले ते खड्डे आणि त्यांवर माजलेले विलायती कीकर. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ यांनी प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे अरवलीची मूळ वनसृष्टी पुन्हा उभी करण्याचे काम हाती घेतले. त्यांनी अवलंबिलेली पद्धत विचार करण्याजोगी आहे. सारे कीकर एका झटक्यात तोडून मैदान मोकळे करण्याऐवजी त्याच्या फांद्या छाटून छत विरळ करावयाचे, खाली ऊन पोहोचू द्यावयाचे, त्या उन्हात देशी गवते, झुडपे आणि वृक्ष लावावयाचे, आणि ते मोठे होऊन सावली धरू लागले की कीकरने आपोआप मागे सरावे अशी ही योजना. पाहुण्याला हाकलून देण्यापूर्वी घरच्या माणसांना उभे राहण्याइतके बळ द्यावयाचे, असे तिचे वर्णन करता येईल.

शास्त्रज्ञांनी केलेल्या या कामाला नागरिकांच्या कामाची जोड कशी मिळू शकते, याचे उदाहरण तेथून फार दूर नाही. दिल्लीची हद्द ओलांडली की गुरुग्राममध्ये याच नावाचे दुसरे उद्यान आहे. जवळजवळ चारशे एकरांची ही जागादेखील जुन्या दगडखाणींचीच. २०१० साली तेथे 'आय ॲम गुडगाव' या नागरिकांच्या संस्थेने महापालिकेच्या सहकार्याने काम सुरू केले. या संस्थेच्या संस्थापकांपैकी लतिका ठुकराल या पूर्वाश्रमीच्या बँक अधिकारी. एका बहुराष्ट्रीय बँकेतील वरिष्ठ पद सोडून त्या या कामाकडे वळल्या आणि पुढे त्यांना २०१५ सालचा नारीशक्ती पुरस्कार लाभला, याचा उल्लेख या नियतकालिकात विशेष अगत्याने करावासा वाटतो. वनस्पतींची निवड आणि रचना यांची धुरा विजय धस्माना यांनी वाहिली. अरवलीतील शिल्लक रानांतून बी गोळा करावयाचे, स्वतःच्या रोपवाटिकेत ते रुजवावयाचे आणि पावसाळ्यात शाळांतील मुले, कचेऱ्यांतील कर्मचारी व परिसरातील रहिवासी यांच्या हातांनी रोपे लावून घ्यावयाची, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. दोनशेहून अधिक जातींच्या देशी वनस्पती तेथे नांदू लागल्या.

हे सारे सरळ पार पडले असे मात्र नाही. धौचे बी मोठ्या प्रमाणात गोळा केले तरी त्यांतील फारच थोडे रुजते, आणि रुजलेले रोपही अत्यंत सावकाश वाढते. बाजारातील रोपवाटिकांत ही झाडे मिळत नाहीत, कारण त्यांना मागणी नसते, आणि मागणी नसते, कारण ती कोणी पाहिलेली नसतात. पुढे उद्यानातून महामार्ग नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ज्या मुलांनी तेथे रोपे लावली होती तीच आईवडिलांसह विरोध नोंदविण्यास उभी राहिली. संरक्षित वनाबाहेर असूनही जैवविविधता प्रभावीपणे जपणाऱ्या जागांची जी जागतिक नोंद ठेवली जाते, तीत २०२२ साली भारतातून पहिले नाव याच उद्यानाचे गेले.

या उद्यानासाठी आदर्श नमुना कोठून घेतला असेल? गुरुग्राम आणि फरिदाबाद यांच्या सीमेवर मांगर नावाचे गाव आहे. तेथील 'मांगरबनी' हे धौचे दाट रान गावकऱ्यांनी एका साधूपुरुषावरील श्रद्धेपोटी पिढ्यान् पिढ्या राखले. त्या रानातील फांदी कोणी तोडीत नाही. मराठी वाचकास येथे सह्याद्रीतील देवरायांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. शास्त्रज्ञ ज्याला मूळ वनसृष्टीचा पुरावा म्हणतात, तो आपल्या देशात बहुधा श्रद्धेने सांभाळलेला आढळतो. देवराई राखणाऱ्यांनी झाडे लावली नाहीत. त्यांनी केवळ हात आवरला, आणि तो आवरण्याचा नियम पुढील पिढीच्या स्वाधीन केला. पुढील विवेचनात हीच गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

पुनःस्थापनेच्या कामात घाई घातक असते, हे नागरिकांनीच जगाला शिकविले आहे. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणी आपल्या घराजवळच्या रानातील परदेशी तण हातांनी उपटू लागल्या. रानाचा जो भाग अजून निरोगी आहे तेथून आरंभ करून बिघडलेल्या भागाकडे सरकावे; माती कमीत कमी उकरावी; आणि देशी रोपे ज्या गतीने परत येतील त्याच गतीने तण काढावे, ही त्यांची सूत्रे. जगभरातील स्वयंसेवक आजही ती वापरतात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ ते २०३० हे परिसंस्था पुनःस्थापनेचे दशक म्हणून घोषित केले आहे. त्या भव्य घोषणेच्या मुळाशी दोन बहिणींची रोजची फेरी आहे, हे विसरता कामा नये.

लावलेली रोपे आणि जगलेली झाडे

आता थोडे स्वतःच्या घराकडे वळू. दिल्लीतील माझ्या वास्तव्यात आमच्या कार्यालयाने एका वर्धापनदिनी वृक्षारोपणाचा कार्यक्रम आयोजित केला होता. जुलै महिना, पन्नास रोपे, पाहुण्यांच्या हस्ते पहिले रोप, चहापान आणि छायाचित्रे. रोपांत गुलमोहर अधिक होते, म्हणजे मूळचे मादागास्करचे. त्या कार्यक्रमाचा मी एक संयोजक होतो, म्हणून पुढील वाक्य मी स्वतःवरील आक्षेप म्हणूनच लिहितो. पुढच्या जून महिन्यात सहज तेथे गेलो, तेव्हा पन्नासांपैकी सात रोपे जिवंत होती. उरलेल्या त्रेचाळीस खड्ड्यांपाशी आमच्या नावाची पाटी मात्र शाबूत होती.

आमचा दोष आळसाचा नव्हता. पन्नासही रोपांना पहिले दोन महिने पाणी मिळाले होते. त्यानंतर संयोजकांपैकी एकाची बदली झाली, दुसऱ्याची पदोन्नती झाली, आणि मी लेखापरीक्षणात गुंतलो. दिल्लीचा उन्हाळा या कारणांची दखल घेत नाही. मे-जूनमधील लू वाहू लागली की पहिल्या वर्षाच्या रोपास आठवड्यातून दोनदा पाणी न मिळाल्यास ते टिकत नाही.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावरही घडतो. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडण्यात आला. दिल्लीत एका तोडलेल्या झाडामागे दहा रोपे लावण्याची अट घालण्याची पद्धत आहे. संकल्प चांगले आहेत. परंतु आपण कर्जवितरणाचा आकडा पाहून शाखेचे मूल्यमापन करीत नाही. वसुली किती झाली, खाते नियमित आहे की अनुत्पादित झाले, हेही पाहतो. वृक्षारोपणात मात्र वितरणाचाच आकडा जाहीर होतो. लावलेल्या रोपांपैकी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली, आणि त्यांत त्या मातीतील किती, हे दोन आकडे विचारण्याची सवय आपणास लागली, तर निम्मे काम होईल असे माझे मत आहे.

२०१८ साली दक्षिण दिल्लीत जे घडले ते या संदर्भात आठवते. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर, आर. के. पुरमला लागून असलेले मोहम्मदपूर अशा सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासासाठी १४ हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्या वर्षीच्या जून महिन्यात रहिवासी रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, उच्च न्यायालयाने तोडीस अंतरिम स्थगिती दिली आणि आराखड्यांचा फेरविचार करावा लागला. त्या गर्दीत सरकारी निवासस्थानांत राहणारी, म्हणजे आज ना उद्या जाणारी, कुटुंबेही होती. आपण येथे कायमचे राहणार नाही, तेव्हा आपणास काय त्याचे, असे ती म्हणाली नाहीत. बदलीच्या गावाशी नाते जडू शकते याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. पण झाड वाचविण्यासाठी एक दिवस उभे राहणे आणि झाड वाढविण्यासाठी तीन उन्हाळे उभे राहणे यांत अंतर आहे. दुसरे काम अधिक अवघड, कारण तेथे वार्ताहर येत नाहीत.

दोन किल्ल्या

यावर उपाय काय? माझ्या अल्पमतीस असे वाटते की, तो उपाय बँकेच्या रोजच्या कामकाजातच आहे. आपल्या बदल्या होतात, पण शाखा बंद पडत नाही. कारण जाणारा अधिकारी येणाऱ्याच्या हाती पदभार सोपवितो. रोकड मोजली जाते, नोंदवह्या तपासल्या जातात, उभयतांच्या स्वाक्षऱ्या होतात. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन स्वतंत्र व्यक्तींकडे असतात. एक रजेवर गेला तरी त्याची किल्ली कोणाकडे गेली याची नोंद असते. झाडाच्या बाबतीत आपण नेमके हेच करीत नाही. आपण रोप लावतो, छायाचित्र काढतो आणि किल्ली खिशात घालून पुढच्या गावी निघून जातो.

तेव्हा वसाहतींतील रहिवासी संघ, बँकांच्या शाखा, शाळा आणि मराठी मंडळे यांनी झाडांची पदभार-नोंदवही ठेवावी अशी माझी सूचना आहे. तीत प्रत्येक रोपाचे स्थानिक व मातृभाषेतील नाव, लागवडीची तारीख, जागा आणि दोन पालकांची नावे असावीत. दोन पालकांपैकी एक बदलीचा असला तरी चालेल. दुसरा मात्र स्थिर असावा. शाळा, देऊळ, वसाहतीचा माळी किंवा निवृत्तीनंतर तेथेच स्थायिक झालेले एखादे ज्येष्ठ नागरिक हे काम उत्तम करतात. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात आणि उन्हाळा संपताना जूनमध्ये अशी वर्षातून दोनदा पाहणी व्हावी. बदली झालेल्या पालकाने आपल्या जागी नव्या पालकाची स्वाक्षरी घेतल्यावाचून निरोपाचा हार स्वीकारू नये!

या नोंदवहीचा आणखी एक उपयोग आहे. उद्या एखादी वसाहत पुनर्विकासात गेली, तर तेथे कोणती झाडे होती याची निर्विवाद नोंद नागरिकांच्या हाती राहील. नोंद असलेले खाते गुपचूप बंद करता येत नाही.

खर्चाबाबतही दोन शब्द लिहिणे इष्ट होईल. संस्थांकडून मिळणारे साहाय्य बहुधा रोपे, मंडप आणि फलक यांवर खर्च होते. त्याऐवजी पन्नासांच्या जागी पंधराच रोपे घ्यावीत आणि उरलेला पैसा तीन उन्हाळ्यांच्या पाण्यासाठी व माळ्याच्या वेतनासाठी बाजूला ठेवावा. ही आवर्ती ठेव आहे. हप्ता चुकला तर मुदतपूर्तीचे लाभ मिळत नाहीत. देशी झाडाचा गुण असा की, तीन-चार उन्हाळे पार पडल्यावर ते आपल्या पायांवर उभे राहते आणि मग आपल्याकडून फारसे काही मागत नाही. हिवाळ्यात वसाहतीत गोळा होणारा पालापाचोळा जाळण्यास दिल्लीत बंदी आहेच. तो रोपांच्या आळ्यांत पसरल्यास ओल टिकते आणि पाण्याची निम्मी चिंता मिटते.

आपल्या राज्यातही हे काम नवे नाही. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ साली इकॉलॉजिकल सोसायटीची स्थापना केली आणि निसर्गाच्या पुनरुज्जीवनाचे शास्त्र सर्वसामान्य नागरिकांना शिकविण्याचा पायंडा पाडला. पुण्याच्या टेकड्यांवर एके काळी झटपट हिरवाईसाठी लावलेली ग्लिरिसिडियाची झाडे आणि दिल्लीच्या रिजवरील कीकर यांची कथा एकाच वळणाची आहे. म्हणून हा लेख केवळ दिल्लीतील वाचकांसाठी नाही. आपण जेथे असाल तेथील टेकडी पाहावी, तिच्यावरील पाच झाडांची नावे विचारावीत, आणि त्यांतील किती तेथलीच आहेत याचा शोध घ्यावा, एवढी विनंती आहे.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. हवामान बदलत आहे, दिल्लीची हवा प्रदूषणाने कोंदली आहे; अशा वेळी देशी-विदेशी असा भेद कशाला, जे झाड वाढेल ते वाढू द्यावे, असे काही जण म्हणतात. रस्त्याच्या कडेला, घराच्या अंगणात हे म्हणणे मला मान्य आहे. गुलमोहराच्या सावलीत बसून त्याला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण जी थोडी रानजमीन शहराच्या पोटात उरली आहे, तेथे ज्यांचा पिढीजात हक्क आहे त्या झाडांना प्रथम जागा मिळावी. दुष्काळ, लू आणि कडाक्याची थंडी यांची परीक्षा ती हजारो वर्षे उत्तीर्ण होत आली आहेत. बदलत्या काळात अशा अनुभवी सेवकांना घरी बसविणे शहाणपणाचे नव्हे.

शेवटी माझ्या लहानशा खात्याचा ताळेबंद. आमच्या निवासस्थानामागील मोकळ्या जागेत, उद्यान विभागाची रीतसर परवानगी घेऊन, आम्ही दोन शमी आणि एक पळस लावला. पळस पहिल्याच हिवाळ्यात गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात एक शमी वाळली. उरलेली शमी मला निघतेवेळी कमरेएवढीही नव्हती. तिची एक किल्ली मी खालच्या मजल्यावरील तमिळ शेजाऱ्यांकडे दिली आणि दुसरी वसाहतीच्या माळ्याकडे होतीच. शेजारी निवृत्त होऊन मदुराईस गेले, तेव्हा त्यांनी ती वरच्या मजल्यावरील एका गढवाली शिक्षिकेस दिली आणि मला पत्राने तसे कळविले. गेल्या दसऱ्याला त्या शिक्षिकेने दूरध्वनी केला. वसाहतीत नव्याने आलेल्या एका मराठी कुटुंबाने पूजेसाठी पाने मागितली होती. द्यावीत काय, असे त्या विचारीत होत्या.

मी म्हणालो, "अवश्य द्या, पण चारच, आणि त्यांचे नाव नोंदवहीत लिहून घ्या."